शुचिबाई

२००१ साली जादवपूर विद्यापीठात तौलनिक साहित्याच्या एम.ए.ला गेले, तेव्हा मला बंगाली वाचता येत होतं, पण बोललेलं निम्मंच कळायचं. मी एका घरात पेइंग गेस्ट म्हणून राहत होते. घरमालकिणीला सगळे माशिमा म्हणत, मीही म्हणू लागले. पहिल्याच आठवड्यात त्या शेजारणीला सांगत होत्या, की थोरल्या जाऊबाईंची ‘शुचिबाई’ हल्ली फार वाढली आहे. मला वाटलं, जाऊबाईंकडे शुचिबाई नावाची कोणी कामाला येते आणि तिची मिजास वाढली आहे. आमच्याकडे नाही का, ताराबाई, सखूबाई. दोन दिवसांनी जेवताना मी विचारलं, “माशिमा, शुचिबाई किती वाजता येतात?”

सगळं घर हसलं. मग माशिमांनी समजावून सांगितलं. यातली ‘बाई’ म्हणजे वायू, वात. डोक्यात वारं शिरणं. शुचितेचं वारं शिरलं की झाली शुचिबाई. सांगता सांगता त्यांनी बोट वर केलं. वरच्या मजल्यावर नळ चालू होता. आम्ही जेवायला बसलो तेव्हाही तो चालूच होता. माझं हसू तिथेच थांबलं, कारण तो आवाज माझ्या ओळखीचा होता.

माझी आत्या वाईला राहायची. चोविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. तिचं सोवळं कडक, असं आळीत बोललं जाई आणि त्यात कौतुकच असे. सोवळ्याचं लुगडं काठीनं उंच वाळत घालायचं, स्वयंपाक होईपर्यंत कोणाला शिवायचं नाही, हे इतर घरांतही होतं. आत्या त्याच्या पुढे जायची. चुलीपाशी पोचता पोचता वाटेत काही शिवलं की काय, या शंकेनं परत फिरायची. हात धुवायची. मग तांब्या धुवायची, कारण न धुतल्या हातानं तो धरला होता. मग पुन्हा हात, कारण आता तांब्याला लागले होते. बाबा तिच्याहून सात वर्षांनी लहान. पोरवयापासून त्यांच्याकडे एक काम असायचं. तिच्या हातावर पाणी घालायचं आणि तिनं विचारलं की म्हणायचं, “झालं गं ताई, झालं.” ती दहादा विचारायची, बाबा दहादा सांगायचे.

बाबा एकदा म्हणाले, विहीर होती तोवर बरं होतं. पाणी शेंदून शेंदून हात भरून यायचे, मग ती थांबायची. वाड्यात नळ आला आणि थांबायचं तेवढं कारणही गेलं.

भांडी घासायला येणाऱ्या बाई भांडी पालथी घालून गेल्या की आत्या ती सगळी पुन्हा घासायची. कधी कधी त्या बाई अजून दारातच असायच्या. त्यांना काय वाटत असेल, हे आमच्या घरात कोणी कधी विचारलं नाही. विटाळाची भाषा जातीनं घराघरात पोचवून ठेवली होतीच, आजाराला ती आयती मिळाली. आणि तो त्या भाषेत बोलत होता, म्हणून कोणालाच तो आजार वाटला नाही. आत्याच्या बोटांच्या पेरांवर भेगा पडायच्या. खोबरेल तेल लावलं तर त्याला धूळ चिकटेल, म्हणून ती तेही लावायची नाही. १९९६ मध्ये ती गेली. मी सतरा वर्षांची होते.

कोलकात्यात मला पहिल्यांदा तिच्या वागण्याला एक नाव मिळालं. पुढे कळलं, की त्याच शहरातल्या मनोविकारतज्ज्ञ अजिता चक्रवर्ती यांनी बॅनर्जी या सहकाऱ्याबरोबर १९७५ मध्ये नेमका याच विषयावर निबंध लिहिला होता. बंगाली समाजातलं कर्मकांड, शुचिबाई आणि वैद्यक ज्याला ऑब्सेशन म्हणतं ती अवस्था, अशा तिन्ही गोष्टी त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या होत्या. माझ्यापुरती मी एक खूण धरून ठेवली आहे. सोवळ्याला शेवट असतो. नैवेद्य दाखवला, पानं वाढली, की ते संपतं, आणि संपलं हे सगळ्यांना माहीत असतं. आत्याचं संपत नव्हतं.

हे सगळं मला कळत होतं. आपल्याला मात्र ते नाही, याचीही खात्री होती. माझं टेबल कायम धुळीनं भरलेलं असतं.

लग्नानंतर मी बडोद्याला आले आणि बंगालीतून मराठीत अनुवाद करू लागले. २०१७ मध्ये एका कथासंग्रहाचं काम डिसेंबरात संपलं. एप्रिल उजाडला तरी हस्तलिखित माझ्याच संगणकात होतं. कारण होतं एक अक्षर: ‘ना’.

बंगालीत नकार क्रियापदाच्या मागून येतो. ‘आशे ना’ म्हणजे येत नाही. डोळा जरा घसरला, तर ‘ना’ सुटतो आणि न आलेला माणूस आलेला होतो. माझ्या मनात बसलं, की कुठेतरी आपला एक ‘नाही’ गळला आहे. एका लेखकानं आयुष्यभर जे म्हटलं नाही ते आपण त्याच्या तोंडी घातलं आहे. मी मोजायला लागले. बंगालीच्या प्रत्येक पानावरचे ‘ना’ मोजायचे, मराठीतले ‘नाही’ मोजायचे, समासात आकडे लिहायचे. आकडे जुळायचे नाहीत, आणि ते जुळणारही नव्हते. कारण ‘एशो ना’ म्हणजे ‘येऊ नकोस’ही होतं आणि लाडानं म्हटलं तर ‘ये ना’ही होतं. हे मला कोणापेक्षाही चांगलं माहीत होतं. तरी मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करायची.

रात्रीचे दोन वाजायचे. नवरा ऑफिसला गेला की त्याला फोन करून वाक्य वाचून दाखवायची. “यात नकार आहे ना?” तो म्हणायचा, “आहे.” लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. शाळेतून आली की माझ्याशेजारी बसून बोटानं मोजू लागायची आणि म्हणायची, “आई, बरोबर आहे गं.” संपादक सगळ्यांना सांगायचे, हिच्या अनुवादात चूक सापडत नाही. मला ते प्रमाणपत्र वाटायचं. आत्याच्या सोवळ्याचं कौतुक व्हायचं ते हेच, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

डॉक्टरांकडे गेले ती झोप येत नाही म्हणून. पहिल्या डॉक्टरांनी तुम्ही परफेक्शनिस्ट आहात असं सांगून ध्यान करायला सांगितलं. मी ध्यानातही मोजलं. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. “मोजून झालं की किती वेळ बरं वाटतं?”

“पाच-दहा मिनिटं.”

“सुरुवातीला?”

“सुरुवातीला पूर्ण दिवस जायचा.”

त्यांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाल्या, हा ओसीडी आहे. मी म्हटलं, पण मी हात धूत नाही. त्या गुजराती. म्हणाल्या, आमच्याकडेही लोकांना ‘चोखलियावेडा’ तेवढा कळतो. धुणं हा या आजाराचा एक वेश झाला. आतला आजार शंकेचा आहे.

माणूस आपल्या कामाच्या वाटेनंच विचार करतो. मी आधी शब्द शोधले. मराठीत ‘मंत्रचळ’ आहे. मंत्र चुकला तर नाही ना, या धास्तीनं तोच मंत्र पुन्हा पुन्हा म्हणता म्हणता लागलेला चळ, असं मी त्याच्याकडे पाहते. उर्दूत ‘वसवास’ आहे. फ्रेंच डॉक्टर एकोणिसाव्या शतकात याला शंकेचं वेड म्हणत. जर्मनीत कार्ल वेस्टफाल यांनी १८७७ मध्ये ‘झ्वांग’ हा शब्द वापरून व्याख्या केली: बुद्धी शाबूत असताना, माणसाच्या इच्छेविरुद्ध जाणिवेत घुसणाऱ्या आणि हटवता न येणाऱ्या कल्पना. झ्वांग म्हणजे सक्ती, जबरदस्ती. वैद्यकाच्या इतिहासात असं सांगतात, की इंग्रजीत आणताना लंडनकरांनी त्याचं ‘ऑब्सेशन’ केलं, न्यूयॉर्ककरांनी ‘कम्पल्शन’, आणि शेवटी तडजोड म्हणून दोन्ही शब्द जोडून टाकले. माझ्या आजाराचं नाव दोन अनुवादकांच्या न मिटलेल्या वादातून आलं आहे, हे वाचून त्या महिन्यात मी पहिल्यांदा हसले.

पुढचं वाचन हसण्यासारखं नव्हतं. १९६६ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये व्हिक्टर मायर या मानसशास्त्रज्ञानं दोन रुग्णांवर केलेल्या उपचारांचा अहवाल छापला. तोपर्यंत या आजारापुढे डॉक्टरांनी जवळपास हात टेकले होते. मायरची पद्धत साधी आणि कठोर होती. ज्याची भीती वाटते त्याला मुद्दाम सामोरं जायचं, आणि नंतरचं धुणं, पुसणं, तपासणं करायचं नाही. परिचारिका जागेपणीचा सगळा वेळ रुग्णाबरोबर राहत. धुण्याचा आजार असलेल्या रुग्णाच्या खोलीतलं पाणी बंद केलं होतं. भीती चढली, टिकली आणि हळूहळू ओसरली. एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन या नावानं आज जो उपचार दिला जातो, तो इथून सुरू झाला.

१९६६ मध्ये आत्या अठ्ठावीस वर्षांची होती. आमच्या वाड्यात नळ आला तो त्याच सुमाराचा, असं बाबांच्या बोलण्यातून निघतं. तिकडे कोणीतरी नळ बंद करत होतं तेव्हा आमच्याकडे तो नव्यानं सुरू होत होता. मी तारखा मुद्दाम जुळवल्या नव्हत्या. जुळल्यावर मात्र बराच वेळ काही वाचवलं नाही.

औषधाचा शोध वेगळ्या वाटेनं लागला. क्लोमिप्रामिन हे उदासीवरचं औषध ओसीडीवरही चालतं, असं १९६७ च्या सुमारास स्पेनमधल्या डॉक्टरांनी नोंदवलं. अमेरिकेत ओसीडीसाठी त्याला अधिकृत मान्यता मिळायला १९८९ उजाडलं. नंतर फ्लुओक्सेटिनसारखी, सेरोटोनिनवर काम करणारी सौम्य औषधं आली. उदासीसाठी लागते त्याहून सहसा जास्त मात्रा लागते आणि गुण यायला दहा-बारा आठवडे जाऊ शकतात. मला सहाव्या आठवड्यात वाटलं, हे काही खरं नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, अजून अर्धीच वाट झाली आहे.

कारणांबद्दल मी सगळ्यात आशेनं वाचलं आणि तिथेच सगळ्यात कमी हाती लागलं. डोळ्यांच्या वरचा मेंदूचा पुढचा भाग, आत खोल असलेला कॉडेट आणि थॅलॅमस यांच्यात एक फेरा आहे. ओसीडीत तो फेरा अतिकामात असतो, ‘झालं’ हा निरोप पोचतच नाही, अशी एक मांडणी आहे. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात लुईस बॅक्स्टर यांच्या गटानं मेंदूचे स्कॅन काढले. काही रुग्णांना गोळ्या दिल्या होत्या, काहींना नुसता वर्तनोपचार. सुधारलेल्या दोन्ही गटांत कॉडेटमधली उलाढाल सारखीच कमी झाली होती. एकाही गोळीशिवाय, नुसतं न धुतल्यानं, न मोजल्यानं मेंदूत फरक दिसला. आनुवंशिकतेचा वाटा आहे, पण असं एक जनुक नाही ज्याच्याकडे बोट दाखवावं. सूझन स्वीडो यांच्या गटानं १९९८ मध्ये घशाच्या स्ट्रेप्टोकोकस संसर्गानंतर लक्षणं एकाएकी सुरू झालेल्या किंवा बळावलेल्या पन्नास मुलांची नोंद केली. त्यावर अजून वाद आहे. वैधव्य, सोवळं, नळ यांतलं कुठलंही आत्याच्या आजाराचं कारण म्हणता येणार नाही. त्यांनी त्याला कपडे दिले.

मला सगळ्यात जास्त धीर दिला तो १९७८ च्या एका छोट्या अभ्यासानं. स्टॅन्ली रॅक्मन आणि मूळचे श्रीलंकेचे पद्मल डिसिल्वा यांनी रुग्ण नसलेल्या साध्या माणसांना विचारलं, की नको ते विचार तुमच्या मनात घुसतात का? बहुतेकांनी हो म्हटलं. आणि ते विचार रुग्णांच्या विचारांसारखेच होते. कोणाला इजा होईल, काही घाण लागेल, काही चुकलं असेल. म्हणजे शंका सगळ्यांनाच येते. फरक पुढे पडतो. एक माणूस तिला येऊ देतो, जाऊ देतो. दुसरा तिला उत्तर द्यायला बसतो, आणि प्रत्येक उत्तरानं ती अधिक भुकेली होते. “झालं गं ताई, झालं,” हे तिचंच खाणं होतं. नवऱ्याचं “आहे” हेही.

म्हणून उपचार सुरू झाला तो घरापासून. डॉक्टरबाईंनी नवऱ्याला बोलावून सांगितलं, की आता तिनं विचारलं तर ‘बरोबर आहे’ म्हणायचं नाही, ‘चूक आहे’ही म्हणायचं नाही. म्हणायचं, ‘असेल, नसेल.’ त्याला ते निर्दय वाटलं. पहिल्या रात्री मी त्याच्यावर ओरडले, दुसऱ्या रात्री रडले. माझी भीतीची पायरी-यादी केली. पहिली पायरी: एक ईमेल पुन्हा न वाचता पाठवायचा. मग शुद्धलेखनाची एक चूक मुद्दाम ठेवून पाठवायचा. मग कथेचं एक पान, न मोजता, मैत्रिणीला. पाठवल्यावर संगणक बंद करून तिथेच बसून राहायचं, धाकधूक कमी व्हायची वाट न बघता. पहिल्यांदा सव्वा तास गेला. छातीत कोणी मुसळ घालत असल्यासारखं वाटत होतं. पुढच्या आठवड्यात पन्नास मिनिटं. मग एकदा लक्षातच राहिलं नाही.

हा उपचार जादूचा नाही. एडना फोआ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, उपचार पूर्ण करणाऱ्यांपैकी एक्सपोजरनं ८६ टक्के लोकांना गुण आला, नुसत्या क्लोमिप्रामिननं ४८ टक्के, दोन्ही मिळून ७९ टक्के, आणि औषध नसलेल्या गोळीनं १० टक्के. पण मध्येच सोडून गेलेल्यांनाही हिशेबात धरलं, की त्या ८६ चे ६२ होतात. ते सोडून जाणारे मला समजतात. तिसऱ्या आठवड्यात मीही दोनदा गेले नाही.

परत गेले ती लेकीमुळे. एका संध्याकाळी ती गृहपाठाची वही घेऊन आली आणि म्हणाली, “आई, मी सगळे पूर्णविराम मोजले. एकदा तूही मोजशील?” तिच्या समासात बारीक आकडे लिहिले होते. मी लिहायचे तसेच. तो आजार नव्हता, आईची नक्कल होती, असं पुढे डॉक्टरबाई म्हणाल्या. पण त्या क्षणी मला बाबा दिसले, हातात तांब्या घेऊन उभे असलेले. मी वही मिटली. म्हटलं, “राहू दे. असतील किंवा नसतील.” ती रुसली. मी मोजले नाहीत. यादीतल्या कुठल्याही पायरीपेक्षा ते अवघड गेलं.

ऑगस्टमध्ये मी हस्तलिखित पाठवलं. शेवटची तपासणी एकदाच, दिवसाला वीस पानं, समासात आकडे नाहीत. पुस्तक आलं. पुढच्या वर्षी इंदूरच्या एका मराठी वाचकांचं पत्र आलं. त्यांनी बंगाली मूळ शेजारी ठेवून वाचलं होतं. फार सौजन्यानं लिहिलं होतं, की पान ११२ वर ‘त्यानं दार लावलं’ असं आहे, मुळात ‘लावलं नाही’ असं आहे. एक ‘ना’ सुटला असावा.

पत्र हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभी राहिले. इतके महिने जिची भीती होती ती चूक खरोखर होती. माझी शंका वेडी नव्हती. चुका होतात, लुगड्याला धूळ लागते, दार उघडं राहतं. उपचारानं मला ‘काही होणार नाही’ असं कधीच सांगितलं नव्हतं. झालं तर सोसता येईल, एवढंच त्यात होतं. नवरा विचारत होता, “कोणाचं पत्र?” मी त्याला वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, थोडा घाबरलाही असावा.

मी कपाटातून पुस्तक काढलं, पान ११२ वर पेन्सिलीनं ‘नाही’ लिहिलं, संपादकांना दुसऱ्या आवृत्तीसाठी कळवलं आणि वाचकांना आभाराचं पत्र लिहिलं. पान ११३ उघडावंसं वाटत होतं, अजूनही वाटतं. गोळी चालू आहे. महामारीच्या दिवसांत सगळं जग हात धुत होतं, तेव्हा मोजणं दोनेक महिने परत आलं होतं, मग गेलं. पुन्हा येईलही.

बाबा आता एक्क्याऐंशीचे आहेत. त्यांना मी हे सगळं सांगितलं, लंडनचा तो बंद केलेला नळसुद्धा. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, “म्हणजे मी ‘झालं’ म्हणायला नको होतं?”

मी म्हटलं, “बाबा, तुम्ही लहान होतात. आणि तिला थोडा वेळ बरं वाटायचं.”

ते म्हणाले, “हो. थोडा वेळ वाटायचं.”